धामणसरच्या डोहातले एकेचाळीस

१

बुधवारी सकाळी डोहात एकही मासा नव्हता.

एखाददुसरा कमी झाला असता तर आम्ही बगळ्याच्या नावानं शिव्या घालून गप्प बसलो असतो. पण एकेचाळीस? त्यातला सगळ्यात बारका चार किलोचा. सगळेच्या सगळे गेले आणि पाणी मात्र जागच्या जागी, गढूळ, काही घडलंच नाही असं.

ही गोष्ट दोन हजार तेराच्या मे महिन्यातली. धामणसर तलाव पाटोदा तालुक्यात, आमच्या गावाच्या उशाला. बऱ्या सालात रविवारी बीडहून, जामखेडहून लोक गळ घेऊन येतात, भिंतीवर छत्र्या लावून बसतात आणि धामणसरचा रोहू खाल्ला म्हणून आठवडाभर सांगत फिरतात. त्या साली तलावाचं भेगाळलेलं मैदान झालं होतं. इकडंतिकडं तीन डबकी, आणि भिंतीच्या पायथ्याला डोह. तोही आटून खळ्याएवढा. त्यात हे एकेचाळीस, रोहू आणि कटला, माद्यांची पोटं गाभोळीनं तटतटलेली. ओढा वाहिला की त्या वर चढणार, अंडी सोडणार, आणि पुढची तीन सालं आमच्या बहात्तर घरांच्या कालवणात जे पडेल ते त्यांच्या पोटातलं असणार. कुणब्याचं बियाणं घरात असतं. आमचं डोहात होतं.

मासेमारीची मर्यादा आणखी आवळा, असं वरून पत्र आलं होतं. चार बोटांपेक्षा बारीक जाळं तलावात नको. जाळ्याचं भोक आम्ही बोटांनी मोजतो. चार बोटं जातील एवढं भोक असलं की पिल्लं निसटतात आणि मोठा मासा कल्ल्यात अडकतो. शिवाय सभासदानं दिवसाला दोन किलोच्या वर काढायचं नाही. आणि डोहाला पंधरा जुलैपर्यंत कुणी हात लावायचा नाही. पत्र लिहिणाऱ्यानं डोह पाहिला नव्हता. खुर्चीत बसून पाण्याला तारखा द्यायला काय जातं?

आमच्या मच्छीमार सहकारी संस्थेचे चेअरमन सुंदरराव ते पत्र खिशात घेऊनच झोपत. "कायदा म्हंजे कायदा. बियाणं वाचलं तर गाव वाचंल." धोंडीराम त्यांच्या विरुद्ध. "मेल्या माशाला कसली मर्यादा बे? पाणी सडलं की समदे उलथे पडतेत. त्याच्या आधी वाटून खाऊ. घरी लेकरं नुसती भाकर चावायलेत." दोघांचंही खरं होतं, तीच पंचाईत.

मंगळवारी दोघांनी पाटोद्याला तहसीलवर मोर्चे नेले. एकाच गावाचे दोन मोर्चे, एकाच रस्त्यानं, एकमेकांच्या टेम्पोची धूळ खात. संस्थेचे झाडून सगळे सभासद गेले. डोहावर उरला एकटा राखणदार, आश्रुबा. बुधवारी चारला संस्थेची सभा होती, मर्यादेवर हात वर करायला.

सकाळी डोह रिकामा निघाला आणि सगळ्यांचे हात आश्रुबाकडं वळले. साठीचा माणूस. पंचवीस जणांनी घेरला.

"मासे म्या इकले न्हाईत," तो म्हणाला. "याच्या उपर बोलणार न्हाई."

"मग गेले कुठं?"

"बोलणार न्हाई म्हणलं ना."

सुंदरराव माझ्याकडं वळले. मी राधाकिशन, संस्थेचा सचिव. कालच्या घोषणांनी त्यांचा घसा पार बसला होता, फुसफुसत म्हणाले, "लिवा. विषय दोन. आश्रुबाचं सभासदत्व रद्द."

सभासद नाही म्हणजे तलावात जाळं नाही. मरेपर्यंत नाही, आणि मेल्यावर लेकालाही नाही. आधीच सांगून टाकतो, मी लिहिलं. पेन अडखळलंसुद्धा नाही.

२

"झालं का लिवून?"

दारात छबुबाई उभी होती. तीस वर्षं पाटोद्याच्या बाजारात मासे विकणारी बाई. कल्ला उघडून मासा कधी मेला ते सांगते, आणि गिऱ्हाईक किती खोटं बोलतंय तेही. संस्थेची सभासद नाही. नवरा गेल्यावर त्याचा भाग तिच्या नावावर व्हायला हवा होता. नऊ वर्षं झाला नाही. कुणामुळं ते विचारू नका, सचिव कोण ते वर सांगितलंय.

"काकू, आता काय राहिलंय?"

"चार वाजेपतोर येळ राहिलाय. चल डोहावर. तोंड बंद ठिव, डोळे उघडे ठिव. तुझं नेमकं उलटं असतंय."

डोहाच्या काठाला ती उकिडवी बसली. ऊन असं की चिखलातून वाफ यावी.

"काय दिसायलंय?"

"चिखल."

"आन काय दिसंना?"

मला कळेना. तिनं सुस्कारा टाकला, बाजारात उधार मागणाऱ्याला बघून टाकते तसा.

"चार बोटी जाळ्यात चार किलोचा रोहू घावला तर काय करतो?"

"कल्ल्यात अडकतो. तडफडतो. खवलं उडतेत, रगत येतं."

"एकेचाळीस तडफडले म्हणतोस. एक खवलं दाव मला हितं."

मी काठ पालथा घातला. एकही नाही. उलट एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत तळाचा चिखल सारवल्यासारखा गुळगुळीत ओढला गेला होता.

"बारीक जाळं हाय हे. दोन बोटी," छबुबाई म्हणाली. "एवढुशा भोकात मोठ्याचं डोस्कं शिरतच न्हाई. अडकत न्हाई, नुसता गोळा होतो, म्हसरं हाकलल्यावानी. अंगाला ओरखडा न्हाई."

"चोराला ओरखड्याशी काय करायचंय?"

"तेच म्या म्हणते. चोराला काय करायचंय?"

गावातली सगळी बारीक जाळी एप्रिलातच जमा करून मी संस्थेच्या खोलीत कोंडली होती. एकोणीस जाळी. कुलूप शाबूत होतं, सकाळीच बघितलं होतं.

"समद्याइनी दिली?"

"एकानं दिलं न्हाई. आज्याचं जाळं हाय म्हणाला."

"कोन?"

"धोंडीराम."

३

धोंडीराम पारावर तंबाखू मळत होता. आम्हाला बघून खणखणीत आवाजात ओरडला, "या या! सचिव आले न् संगं सीआयडी बी आली."

"जाळं दाव," छबुबाई म्हणाली.

"कावून?"

"तुझ्या आज्याचं रूप बघायचंय."

पारावरचे हसले. धोंडीराम तणतणत घरात गेला आणि जाळ्याचा ढीग आणून तिच्या पायाशी आपटला. "घे! कोरडं ठाक हाय. काल दिवसभर म्या मोर्चात व्हतो. तहसीलच्या दारात उभा राहून घोषणा दिल्या, पार तहसीलदार बाहीर येईपतोर! इचार कुनालाबी!"

मेच्या उन्हात जाळं तासात वाळतं, हे पोरालाही कळतं. छबुबाईनं जाळ्याचा पदर नाकाशी नेला, घडी घातल्यासारखा केला आणि परत ठेवला. "जपून ठिव," एवढंच म्हणाली.

वाटेत मी फुगलो होतो. "काकू, नक्की हाच."

"सुंदररावाचा घसा कसा हाय?"

"बसलाय."

"तुझा?"

"माझाबी. समद्या गावाचा बसलाय, काल—" मी थांबलो. धोंडीराम आत्ता पारावरून देवळातल्या घंटेसारखा वाजत होता. दिवसभर घोषणा देणाऱ्या माणसाचा असा आवाज नसतो. तो मोर्चात नव्हताच. टेम्पोतून कुठंतरी उतरला होता आणि दोन मोर्चांच्या गोंधळात कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"झालं तर मग! चेअरमनला सांगतो."

"सांग की. पन आधी मला एक सांग. धोंडीराम न् आश्रुबा बोलतेत का?"

बांधाच्या भांडणावरून दहा सालं त्या दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. एकाच्या मयतीला दुसरा आला नसता.

"मग वैऱ्याची चोरी झाकायला," छबुबाई म्हणाली, "आश्रुबा सोताचं पाणी कावून सोडायलाय?"

४

गावच्या आडावर हंड्यांची रांग होती आणि रांगेच्या तोंडाला भांडण. गीताबाई टँकरवाल्या बंकटला फाडून खात होती. बंकट रोज ट्रॅक्टरमागं टाकी जोडून लांबच्या धरणावरून पाणी आणतो आणि आडात सोडतो.

"काल चार घंटे उशीर! आन पाणी आणलंस ते कसलं? वास मारायलतं! सासूनं तोंडात घेतलं न् थुकलं."

"टायर बसलतं, वहिनी."

"टायर बसलं म्हणून पाण्याला वास येतो का रे? हे बघ, हंड्यात काय घावलं. पंचायतीत दावणार हाय मी." तिनं पदराची गाठ सोडली.

खवलं. रुपयाएवढं मोठं.

छबुबाईनं ते उन्हात धरलं, मग माझ्या तळहातावर ठेवलं. "एवढालं खवलं कुनाच्या अंगावर असतंय?"

"चारपाच किलोच्या. म्हंजे डोहातल्याच."

"टाकीच्या पत्र्याला घासलं असंल. आता डोस्कं चालव. मासा चोरून इकायला न्हेयाचा तर काय लागतं?"

"बर्फ. टेम्पो."

"टँकर?"

"लपवायला आणला असंल."

"मेलेला मासा लपवायला गोणपाट बास होतंय. पाण्यात घालून कुनाला न्हेत्यात?"

माझ्या हातातलं खवलं एकदम जड झालं. "जित्याला."

बारीक जाळं, ओरखडा न काढणारं. टाकीभर पाणी. कुणीतरी एकेचाळीस मासे जपून, लेकरं उचलावीत तसे उचलून नेले होते.

छबुबाई ट्रॅक्टरला टेकली. "बंकट, कुठं सोडलेस?"

बंकटनं हात जोडले. "काकू, पाया पडतो. मला इचारू नका. म्या बाईला शब्द दिलाय—"

जीभ चावली त्यानं, पण उशिरा.

"कोंच्या बाईला?"

त्यानं ट्रॅक्टर चालू केला आणि रिकामी टाकी खडखडवत निघून गेला.

५

"आता सोपं हाय," छबुबाई म्हणाली. "गावात पाणी कुठं हाय?"

"कुठंच न्हाई. म्हणून तर टँकर येतो."

"नीट आठव."

मी विहिरी मोजल्या. कोरड्या, सगळ्या कोरड्या. राहिली एक. बसम्माच्या मळ्यातली जुनी दगडी विहीर. पाणी मचूळ, माणसाला पिता येत नाही, पिकाला देता येत नाही. म्हणून तिच्यावर मोटर नाही, रांग नाही. गाव तिला विसरलंच होतं.

"बसम्माअक्काची? काकू, ऊन लागलं का तुमाला? लिंगायताचं घर हाय ते. अंडं चालत न्हाई त्या घरात."

"तू असं म्हणलास ना? समदं गाव असंच म्हणणार. म्हणूनच."

बसम्माचं किराणा दुकान वेशीजवळ. छबुबाई मीठ घ्यायला गेली की बसम्मा आतूनच ओरडायची, "छबू, माशाची पाटी तिकडं, रस्त्याच्या पल्याड ठेव." वीस वर्षं पाटी पल्याड राहिली होती.

दुकानात तिचा लेक महारुद्र साखर जोखत होता. त्याच्या मागं शेंगदाण्याच्या पेंडीचं नवं पोतं.

"महारुद्र, जनावरं छावणीवरून आणली का?"

"न्हाई काकू, छावणीतच हायेत. हितं कुठला चारा?"

"मग पेंड कोन खातंय?"

महारुद्रनं आईकडं पाहिलं. बसम्मा उंबऱ्यात बसली होती, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग. तिच्यामागं परसात दोरीवर लुगडी वाळत होती. छबुबाईनं बोटानं मोजली.

"अक्का, प्यायला पाणी न्हाई न् एका दिवसात चार लुगडी धुतली?"

बसम्मानं मागं वळून दोरीकडं पाहिलं. मग म्हणाली, "छबू, एक इचारू? मासे दुपारच्याला वर कावून येतेत गं? ऊन लागत न्हाई का त्याइला?"

आम्ही तिच्यामागं मळ्याकडं निघालो.

मळ्यातल्या विहिरीत वाकून पाहिलं तेव्हा आधी नुसता काळोख दिसला. मग बसम्मानं पेंडीचा चुरा टाकला आणि खालचं पाणी हललं. पाठी. करड्या, रुंद, सावकाश फिरणाऱ्या पाठी. मला शिवी आठवेना की देव आठवेना.

बसम्मानं सांगितलं ते असं. सगळं आश्रुबापासून सुरू झालं होतं. सोमवारी सकाळी डोहातले मासे तोंडं वर काढून धापा टाकत होते. आठ दिवस टिकले नसते. सुंदररावांचा कायदा त्यांना हात न लावता मारणार होता, धोंडीरामची माणसं हात लावून. अंगावर चरा न उठता त्यांना काढायचं तर गावात एकच जाळं बाहेर होतं. ते मागायला आश्रुबा दहा सालांनी धोंडीरामच्या दारात गेला. धोंडीराम डोहावर आला, माद्यांची पोटं बघितली आणि खाली बसला. गावभर ओरडून झालेलं, आता आपल्याच माणसांपुढं माघार कशी घ्यायची? म्हणाला, "उद्या समदा गाव पाटोद्याला न्हेतो. मधी उतरून येतो." बंकटनं टँकर आणला. टाकीत शिरून एकेक मासा ओल्या लुगड्याच्या झोळीत घेतला आणि झोळी दोरानं विहिरीत सोडली. लुगडी बसम्माची.

"तुमी कसं काय हो म्हणला, अक्का?" मी विचारलं.

"कपिलधारला देवाला गेले न् पाण्यात मासा दिसला तर म्या हात जोडते. हितं माझ्या हिरीत आला तर काय हाकलून देऊ?" मग तिचा आवाज उतरला. "पन नातीचं लगीन हाय पुढच्या महिन्यात. बसम्माच्या मळ्यात मासे पाळतेत म्हणलं की सोयरे तोंड फिरवतेत. म्हणून तिघांकडून शब्द घेतला. माझं नाव न्हाई निघायचं."

"तो शब्द आश्रुबा पाळायलाय," छबुबाई म्हणाली. "चारच्या सभेत त्याचं नाव काढणार हायेत. ह्या राधाकिशननं लिवलंय."

बसम्माला हे ठाऊकच नव्हतं. ती विहिरीच्या कठड्याला धरून उभी राहिली.

"म्या तुमाला काय सांगायला आले न्हाई," छबुबाई म्हणाली. "शब्द तुमचा हाय. म्या सभेत तोंड उघडणार न्हाई, ह्यालाबी उघडू देणार न्हाई." आणि पदर डोक्यावर घेऊन चालू लागली.

पावणेचार झाले होते.

६

सभेला बहात्तर घरांतून शंभर माणसं होती. छबुबाई सभासद नाही म्हणून बाहेर पायरीवर. पहिला विषय मर्यादेचा, पण मासेच नाहीत तर मर्यादा कशाला, म्हणून सुंदररावांनी तो सोडून दुसरा घेतला. फुसफुसत वाचला, तरी शेवटच्या माणसाला ऐकू गेला, एवढी शांतता.

"आश्रुबाला काई बोलायचंय?"

आश्रुबानं मानेनंच नाही म्हटलं.

"मग ज्याइला मंजूर हाय त्याइनी हात—"

"थांबा!" धोंडीराम उठला. "मासे म्या न्हेले. जामखेडला न्हेऊन इकले. काढायचं तर माझं नाव काढा."

एकच गिल्ला झाला. त्याचीच माणसं बाह्या सारून पुढं आली. "आमाला वाटून खाऊ म्हणलास न् सोता इकून खाल्लास का बे?"

आश्रुबा सकाळपासून पहिल्यांदा ओरडला, "खाली बस धोंड्या! दहा साल बोलला न्हाईस न् आता तोंड उघडलंस ते खोटं बोलायला?"

मी पायरीकडं पाहिलं. छबुबाईनं मान नाही म्हणून हलवली. मला सगळं ठाऊक होतं आणि मी गप्प होतो. पाचच मिनिटं, पण तेवढ्यात कळलं आश्रुबा सकाळपासून काय गिळून बसला होता ते.

मग पायरीवर कुणीतरी छबुबाईला म्हणालं, "सरक गं जरा."

बसम्मा आत आली. मागं महारुद्र, छत्री धरून. माशाच्या वासाच्या त्या खोलीत ती जन्मात आली नव्हती. नाकाला पदर लावला नव्हता.

"मासे माझ्या हिरीत हायेत," ती म्हणाली. "एकेचाळीस आले, एक मेला, तो आंब्याच्या बुडाला पुरला. चाळीस हायेत. सकाळ-संध्याकाळ मोजते म्या. ह्या तिघांनी माझ्यापायी तोंड बंद ठिवलं. आता ज्याला ते काढून खायाचेत त्यानं माझ्या देखत काढावेत."

मघाशी बाह्या सारलेले हात कुठं ठेवावेत ते कुणाला समजेना.

सुंदररावांनी खिशातून ते पत्र काढलं. डोहात उतरणं म्हणजे गुन्हा, तिथं स्वच्छ लिहिलेलं होतं. ते बराच वेळ वाचत राहिले. कायद्याचा माणूस, मला वाटलं आता विषय तीन येतो. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"पत्रात डोहाचं लिवलंय," ते फुसफुसले. "हिरीचं काई लिवलेलं न्हाई. आन डोहात उतरून बियाणं वाचवायचं ते म्या करायला पायजे व्हतं. म्या कागद वाचत बसलो. विषय दोन खोडा."

मी खोडला. कागद फाटेपर्यंत खोडला.

"मग विषय एक माझ्याकडनं लिवा," धोंडीराम म्हणाला. "तलाव भरून सांडव्यावरनं पाणी जाईस्तोर हिरीतल्या न् डोहातल्या माशाला कुनी हात लावायचा न्हाई. चार बोटी जाळंबी मंजूर. माझं आज्याचं जाळं जमा करून घ्या."

"आत्ताच जमा नका करू, कोंडलेली जाळीबी बाहीर काढा," सुंदरराव म्हणाले. "त्या तीन डबक्यांतला बारका मासा आठ दिवसांत मरणार हाय. बारीक जाळ्यांनी तो उद्याच काढा न् घरटी वाटा. दोन किलोच्या मर्यादेचं वरच्या साहेबाशी म्या बघून घेतो. मग लावा कुलूप."

दोन महिने ज्यावरून डोकी फुटायची राहिली होती, ते असं दहा मिनिटांत ठरलं. शंभर हात वर गेले. त्यात आश्रुबाचाही होता, सभासदाचा.

"अक्का, लगनाचं काय?" कुणीतरी विचारलं.

"सोयऱ्याइला काय सांगायचं ते म्या सांगते," बसम्मा म्हणाली. "तुमी तुमचं बघा."

७

संस्थेच्या प्रत्येक सभेत शेवटचा विषय आभार. अकरा सालं मी एकच ओळ लिहीत आलोय: अध्यक्षांचे आभार मानून सभा संपली. ती लिहीपर्यंत खोलीत चपला शोधणारेच उरलेले असतात.

त्या दिवशी कुणी उठलं नाही.

आधी बंकट उभा राहिला आणि वास मारणारं पाणी चार शिव्यांवर भागवल्याबद्दल गीताबाईच्या नवऱ्याकडं तिचे आभार पोचते केले. धोंडीरामला बोलताच येईना. खणखणीत आवाजाचा माणूस, आश्रुबाकडं बघून नुसताच म्हणाला, "दारात आलास त्याबद्दल." आणि बसला. मी उठलो, छबुकाकूचे आभार मानू लागलो, तर पायरीवरून आवाज आला, "आभार ऱ्हाऊ दे. नाव लिव." तिथल्या तिथं ठराव लिहिला, नऊ वर्षं उशिरा, आणि काकू आत येऊन बसली.

मग आश्रुबा. "सकाळी ज्याइनी मला घेरलं त्याइचे आभार," तो म्हणाला. टोमणा असेल म्हणून आम्ही माना खाली घातल्या. टोमणा नव्हता. "बियाणं गेलं म्हणून पंचवीस माणसं अंगावर धावून येतेत, हे म्या आज पाह्यलं. मला वाटायचं, ह्या पाण्याची काळजी माझी एकट्याचीच हाय."

शेवटी बसम्मा. "मालक गेल्यापासनं त्या हिरीकडं माझं जाणं न्हवतं. आता दिवसातनं दोनदा जाते. तुमचे आभार."

मी सगळ्यांचं सगळं लिहून घेतलं. तीन पानं झाली. नातीचं लग्न ठरल्या तारखेला झालं. सोयरे हळदीच्या दिवशी विहिरीत वाकून वाकून बघत होते. सप्टेंबरात, चाळीसही मासे तलावात परत सोडून महिना झाल्यावर, तपासणीला आलेल्या साहेबानं सभेच्या वहीवर लाल शेरा मारला: आभाराचा मजकूर अवाजवी लांब, एका ओळीत आटोपावा.

मी खाली उत्तर लिहिलं: एका ओळीत मावत नाहीत.